नोंद राहते

आउटलूकमध्ये आलेल्या मेलवर दोनदा क्लिक केलं की तो वेगळ्या खिडकीत उघडतो. त्या खिडकीच्या सगळ्यात वरच्या पट्टीवर मेलचा विषय असतो आणि त्याला 'मेसेज (एचटीएमएल)' अशी शेपटी जोडलेली असते. ही पट्टी सहसा कोणी वाचत नाही, डोळा थेट मजकुरावर जातो. पण कामाचा वेळ मोजणारी जी सॉफ्टवेअर ऑफिसच्या लॅपटॉपवर बसवलेली असतात, त्यांना नेमकी ही पट्टीच हवी असते. समोर कोणती खिडकी आहे, तिचं नाव काय, ती किती वेळ समोर होती, हे ती टिपून ठेवतात. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं तरी तेच, कारण मेल उघडताच टॅबच्या नावात त्याचा विषय येतो. कंपनीच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की आम्ही कर्मचाऱ्यांचे मेल वाचत नाही. ते खरंही असतं. मेल कोणीच वाचलेला नसतो. पण 'बायोप्सीचा रिपोर्ट' हा विषय, तो उघडल्याची वेळ आणि त्यावर गेलेली अकरा मिनिटं एका तक्त्यात, एका नावापुढे जाऊन बसलेली असतात.

ऑफिसमधल्या पाळतीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक माणूस येतो. तो दुसऱ्या खोलीत बसलाय आणि आपला स्क्रीन बघतोय. असा माणूस सहसा नसतो, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून लोक निर्धास्त होतात. 'माझ्याकडे कोण बघतंय, मी एवढा मोठा नाही', असं म्हणतात. याच निर्धास्तपणाची मला काळजी वाटते. आज कोणी बघत नसलं तरी नोंद होत असते, साठत असते. वर्ष-दोन वर्षांनी एखादी तक्रार येते, खटला उभा राहतो, साहेब बदलतो, आणि मग ती नोंद शोधली जाते. शोधणारा कोऱ्या मनाने बसत नाही. त्याच्या हातात एक नाव आणि एक संशय आधीच असतो.

एन्रॉनचं उदाहरण या बाबतीत विसरू नये असं आहे. डिसेंबर 2001 मध्ये ती कंपनी बुडाली. अमेरिकेतल्या ऊर्जा नियामक आयोगाने वीजबाजारातल्या गैरव्यवहाराची चौकशी करताना कंपनीच्या सर्व्हरवरचे मेल ताब्यात घेतले आणि 2003 मध्ये ते सरळ सार्वजनिक केले. त्यातून संशोधकांनी तयार केलेला संच आजही डाउनलोड करता येतो. त्यात सुमारे दीडशे जणांचे जवळजवळ पाच लाख मेल आहेत. स्पॅम ओळखणारे कितीतरी प्रोग्रॅम त्यावर शिकले. त्या दीडशेतल्या बहुतेकांवर कधीच कसला आरोप झाला नाही. घरच्यांशी, मित्रांशी झालेलं त्यांचं बोलणं मात्र कंपनीच्या हिशेबांबरोबरच जगापुढे गेलं. लिहिताना त्यांच्यावर कोणी पाळत ठेवली नव्हती. त्यांचे शब्द सर्व्हरवर होते, एवढंच कारण पुरलं.

तर आधी मेल कुठे कुठे उतरतो ते बघू. ऑफिसच्या पत्त्यावरून 'पाठवा' दाबलं की एक प्रत आपल्या 'सेंट' फोल्डरमध्ये राहते आणि एक समोरच्याकडे जाते, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच कंपन्यांत मधल्या सर्व्हरवर 'जर्नलिंग'चा नियम लावलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत वेगळ्या संग्रहात टाकायची, असा तो नियम. या प्रतीला एक पाकीट असतं आणि त्यावर खरोखर कोणाकोणाला मेल गेला ते सगळं लिहिलेलं असतं. 'बीसीसी'मध्ये घातलेली नावंसुद्धा त्यात येतात. इतरांना न दिसणारं नाव संग्रहात उघडपणे दिसतं.

खोडणं हा तर गैरसमजांचा कारखाना आहे. 'डिलीट' केलं की मेल 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातो. तिथूनही काढला की तो डोळ्यांआड होतो, पण मायक्रोसॉफ्टच्या सेवेत तो एका लपलेल्या फोल्डरमध्ये मुळात 14 दिवस राहतो आणि ॲडमिन, म्हणजे कंपनीची यंत्रणा सांभाळणारा, ही मुदत 30 दिवसांपर्यंत वाढवू शकतो. गूगलच्या ऑफिस-सेवेत 'ट्रॅश'मधले 30 दिवस संपल्यावरही आणखी 25 दिवस ॲडमिनला तो मेल परत आणता येतो. ही झाली साधी परिस्थिती. मेलबॉक्सवर 'लीगल होल्ड' लागला असेल, म्हणजे कोर्टकचेरीच्या शक्यतेमुळे काहीही नष्ट करायचं नाही असं ठरलं असेल, तर या मुदती संपतच नाहीत. होल्ड लागल्याचं मेलबॉक्सच्या मालकाला कळेलच असं नाही. तो मेल खोडतो, त्याच्यापुढून तो जातोही, आणि मागे जसाच्या तसा उरतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. चौकशीची कुणकुण लागल्यावर माणूस घाबरून मेल खोडायला घेतो. मेल तर जात नाहीतच, उलट त्या दिवशी, त्या वेळी एवढे मेल खोडले ही नवी नोंद तयार होते. मूळ मेलात काही गैर नसलं तरी ही नोंद वाईट दिसते.

न पाठवलेल्या मजकुराचंही तसंच. रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा 'ड्राफ्ट'मध्ये आपोआप जतन होतो आणि तो ड्राफ्ट सर्व्हरवर असतो. लॅपटॉपवर कीबोर्डच्या कळा टिपणारं सॉफ्टवेअर असेल तर लिहून पुसलेलं वाक्यही टिपलं गेलेलं असतं. असं लेखन आधी कागदावर करावं हा जुनाट वाटणारा सल्ला मी आजही देतो.

चॅटमध्ये लोक मेलपेक्षा मोकळे होतात, कारण ते बोलल्यासारखं वाटतं. साठवणुकीच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या चॅट-मीटिंगच्या ॲपवर दोघांत झालेल्या गप्पांची एक प्रत त्या त्या माणसाच्या मेलबॉक्समधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवली जाते, म्हणजे मेल शोधणाऱ्याला चॅटही त्याच शोधात सापडतात. मीटिंगचं रेकॉर्डिंग सुरू असताना शेवटची दोन मिनिटं 'आता आपल्यातलं' म्हणून जे बोललं जातं, तेही ट्रान्सक्रिप्टमध्ये नावानिशी उतरतं. ऑफिसच्या एआय मदतनिसाला विचारलेले प्रश्नही याच संग्रहात येतात. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटशी झालेला संवाद वापरणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये साठतो आणि चौकशीत तो शोधता येतो. 'नोटीस पिरियड न भरता नोकरी सोडली तर काय होतं', हा प्रश्न तिथे टाइप करण्याआधी थांबावं.

कॅलेंडरचं मात्र मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथे माणूस काहीही लपवत नसतो. 'साडेचार – समुपदेशक' असं तो स्वतःच्या सोयीसाठी लिहितो आणि 'प्रायव्हेट'ची खूण करतो. ती खूण सहकाऱ्यांना अडवते. ॲडमिनला, किंवा मेलबॉक्सचा पूर्ण ताबा दिलेल्या माणसाला ती पुरेशी अडवत नाही. तिथे 'बाहेर' एवढंच लिहावं.

आता ब्राउझर. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की मधल्या कोणाला मजकूर दिसत नाही, हे आपण शिकलेलो असतो. ऑफिसच्या यंत्रावर हे कुलूप पुरेसं नाही. कंपनी लॅपटॉपवर स्वतःचं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, टाकते आणि ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो. मग आपण कुठलीही साइट उघडली की मधला प्रॉक्सी, म्हणजे वाटेत बसवलेला कंपनीचा सर्व्हर, त्या साइटचं सोंग घेतो, मजकूर उलगडतो, तपासतो आणि पुन्हा कुलूप लावून पुढे धाडतो. दोन्ही बाजूंना कुलूप आणि मध्ये उघडं पाकीट. व्हायरस असलेली फाइल अडवायला हे खरंच लागतं, कारण आज जवळजवळ सगळी वाहतूक कुलूपबंद असते आणि चोरही त्याच वाटेने येतात. पण याच वाटेवरून आपला खासगी मेलही जात असतो.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा, 'कनेक्शन इज सिक्युअर'वर जा, तिथून सर्टिफिकेट उघडा आणि 'इश्यूड बाय' या शीर्षकाखाली काय लिहिलंय ते वाचा. डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची नावं असतील तर तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कोणी पाकीट उघडत नाहीये. तिथे तुमच्याच कंपनीचं, किंवा झीस्केलर, नेटस्कोप, फोर्टिनेट असं सुरक्षा उत्पादनाचं नाव दिसलं तर उघडतंय. खात्री करायची असेल तर तीच साइट स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून नाव ताडून बघा. एकाच साइटवर तपासून थांबू नका. बँकांच्या आणि आरोग्याच्या साइट बऱ्याच कंपन्या मुद्दाम या तपासणीतून वगळतात. बँकेचं पान उघडून 'सगळं ठीक आहे' म्हणणारा माणूस म्हणूनच फसतो. खासगी मेल, क्लाउडवरच्या फाइली, सोशल मीडिया अशा तीन-चार जागी बघावं. आणि हे नीट दिसलं तरी त्यावरून एवढंच कळतं की वाटेत पाकीट उघडलं जात नाही. लॅपटॉपच्या आत बसलेलं सॉफ्टवेअर स्क्रीनचा फोटो घेत असेल, तर सर्टिफिकेट कोणाचंही असो, फरक पडत नाही. व्हॉट्सॲपच्या 'एंड टू एंड' कुलपाचंही हेच आहे. त्यातलं एक 'एंड' ऑफिसच्या लॅपटॉपचा स्क्रीन असेल तर कुलूप तिथेच उघडतं. फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ऑफिसचं यंत्र आजच काढून टाकलं तर हरकत नाही.

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत अगदी खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसत असेल तर ब्राउझरवर कंपनीचे नियम लागू आहेत. ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम', मग कोलन आणि दोन तिरक्या रेघा, मग 'पॉलिसी' असं टाइप केलं की त्या नियमांची यादीच उघडते. नावं इंग्रजीत आणि थोडी रुक्ष असतात, तरी सक्तीने बसवलेली एक्स्टेन्शन कोणती, इतिहास पुसायला परवानगी आहे का, एवढं समजतं. इनकॉग्निटोचा इथे उपयोग नाही. त्या खिडकीत क्रोम स्वतःच सांगतं की तुमच्या कंपनीला तुमचा वापर दिसू शकतो. ते वाक्य कोणी वाचत नाही, ही वेगळी गोष्ट.

याहून साधी चूक सिंकची. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं गूगल खातं टाकून सिंक सुरू केलं की घरच्या फोनवरचा इतिहास आणि साठवलेले पासवर्ड ऑफिसच्या यंत्रावर उतरतात. रात्री अकरा वाजता घरी शोधलेली गोष्ट सकाळी ऑफिसच्या ॲड्रेस बारमध्ये सुचवणी म्हणून येते. ती येताना दिसली, तर काय झालंय ते ओळखा, सिंक बंद करा आणि तो प्रोफाइल त्या यंत्रावरून काढून टाका.

घरून काम करताना 'वायफाय तर माझंय' असं लोक म्हणतात. वायफाय आपलं असलं तरी लॅपटॉप त्यांचाच असतो. तपासणी करणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपबरोबर घरी येतं आणि फोनच्या हॉटस्पॉटवरही काम करतं. उलट, स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर कंपनीला साधारणपणे साइटचं नाव कळतं, मजकूर नाही. फक्त फोनवर कंपनीचं सर्टिफिकेट किंवा प्रोफाइल बसवलेलं नसावं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडलं की ते दिसतं. अँड्रॉइडवर ऑफिसची ॲप ब्रीफकेसच्या छोट्या खुणेसह वेगळी दिसत असतील तर ती 'वर्क प्रोफाइल' आहे. ही रचना चांगली आहे. स्वतःच्या फोनवर ती बसवलेली असते तेव्हा कंपनीला तिच्या आतलंच दिसतं आणि पुसायची वेळ आली तर तेवढंच पुसलं जातं. ही खूण नसेल आणि मेल जोडताना फोनने 'सगळा डेटा पुसण्याची परवानगी द्यायची का' असं विचारलं असेल, तर तो प्रश्न शब्दशः घ्यावा. नोकरी सुटल्यावर ॲडमिनने चुकीचं बटण दाबलं की मुलांचे फोटोही जातात. परवानगी देण्याआधी बॅकअप घ्या, किंवा ऑफिसचा मेल फोनवर घेऊच नका.

वेळ मोजण्याच्या सॉफ्टवेअरकडे परत येतो. मला सगळ्यात खोटी नोंद तिथली वाटते. ती कळा आणि माउस मोजतात, त्यांतली काही ठरावीक काळाने एखादा स्क्रीनशॉट घेतात, आणि हालचाल थांबली की 'निष्क्रिय' लिहितात. टीम्समधला हिरवा ठिपका पाच मिनिटं हालचाल नसेल तर पिवळा होतो. कागदावरचा करार वाचणारी वकील, फळ्यापुढे उभा राहून आकृती काढणारा प्रोग्रॅमर, फोनवर चिडलेल्या ग्राहकाला शांत करणारी मुलगी, ही सगळी त्या हिशेबात निष्क्रिय ठरतात. विनाकारण शंभर मेलना उत्तरं देणारा सक्रिय ठरतो. मग माणसं ठिपका हिरवा ठेवायला शिकतात. माउस हलवणारी यूएसबीची छोटी उपकरणं मिळतात. ती यंत्राला लावताच कोणतं उपकरण लागलं याची नोंद होते आणि एकाच लयीत तासन्‌तास हलणारा माउस ओळखायलाही कठीण नसतो. 2024 मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केल्याबद्दल डझनाहून जास्त लोकांना काढलं. त्यांचं वागणं योग्य होतं असं मी म्हणणार नाही. पण काम मोजायच्या जागी हालचाल मोजली तर हालचालच मिळणार, हे मोजणाऱ्यालाही कळायला हवं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेने एका कंपनीला 40,000 युरोंचा दंड केला. ती कंपनी नेमकं हेच करत होती: ठरावीक वेळ कळ किंवा माउस हलला नाही की 'निष्क्रिय' धरायचं आणि वर स्क्रीनशॉट घ्यायचे. संस्थेचं म्हणणं, जे मला पूर्ण पटतं, असं की हालचाल नसलेला वेळही कामाचा असू शकतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये खासगी मेल, पासवर्ड असं काहीही येऊ शकतं.

कायद्याच्या बाबतीत देशादेशांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 1996 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका संघीय न्यायालयाने असं धरलं की कंपनीने 'तुमचे मेल आम्ही वाचणार नाही' असं सांगितलं असलं तरी ऑफिसच्या मेलमध्ये खासगीपणाची अपेक्षा ठेवता येत नाही. पाचच वर्षांनी, ऑक्टोबर 2001 मध्ये, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकॉन कंपनीच्या प्रकरणात उलट निकाल दिला. यंत्र मालकाचं असलं, खासगी वापराला बंदी असली, तरी कर्मचाऱ्याचा पत्रव्यवहार गोपनीयच राहतो. तिथे फोल्डरला 'वैयक्तिक' असं नाव देण्याला म्हणूनच कायद्यात वजन आहे. बऱ्याच इतर देशांत त्या नावाचा फारसा उपयोग होत नाही.

रोमानियातल्या विक्री विभागातल्या एका कर्मचाऱ्याचा खटला मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. ग्राहकांशी बोलायला त्याने कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. जुलै 2007 मध्ये कंपनीने ते तपासलं आणि खासगी वापर केल्याचा ठपका ठेवला. त्याने नाही म्हटल्यावर त्याच्यापुढे 45 पानी उतारा ठेवला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेलं, तब्येतीपासून शय्येपर्यंतचं बोलणं होतं. नोकरी गेली. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात तो आधी हरला, पण सप्टेंबर 2017 मध्ये मोठ्या पीठाने 11 विरुद्ध 6 मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. शब्दन्‌शब्द वाचला जाईल हे कोणी सांगितलं नव्हतं. बंदी आणि पाळतीची पूर्वसूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं न्यायालयाने मानलं. न्यूयॉर्क राज्यात मे 2022 पासून नोकरीवर घेतानाच अशी लेखी सूचना देऊन पोच घ्यावी लागते. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात कलम 7 मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी, आणि गुपितं फुटण्यासारख्या नुकसानीपासून मालकाला वाचवण्यासाठी, संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. म्हणून कुठल्याही ऑफिसात रुजू होताना 'ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी' नावाचा जो दस्तऐवज सही करायला येतो, तो खरोखर वाचावा. त्यात नोंद किती दिवस ठेवणार आणि ती कोण उघडू शकतो, या दोन गोष्टी शोधाव्यात. सापडल्या नाहीत तर मेलवर विचाराव्यात. असं विचारण्यात काही वावगं नाही.

नोंद ठेवूच नये असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या शेअर दलालांना कामाचा पत्रव्यवहार निदान तीन वर्षं जपणं नियमानेच भाग आहे. ग्राहकाला फसवलं गेलं तर तोच त्याचा आधार असतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, कुठल्या मेलमधून, कुठल्या यंत्रावर, किती वाजता शिरलं हे लॉगशिवाय कळत नाही. ऑफिसमध्ये छळ झालेल्या बाईच्या तक्रारीला हेच जुने चॅट पुरावा देतात. मुद्दा किल्लीचा आहे. चांगल्या आयटी विभागात एकटा ॲडमिन कोणाचा मेलबॉक्स उघडू शकत नाही. लेखी मागणी लागते, प्रकरणाचा क्रमांक लागतो, दोघांची मंजुरी लागते, शोध ठरावीक तारखा आणि ठरावीक शब्दांपुरता असतो. कोणी काय शोधलं याचीही नोंद राहते आणि ती ॲडमिनला स्वतःला पुसता येत नाही. मुदत संपली की जुनं खरोखर नष्ट केलं जातं. 'जागा स्वस्त आहे, राहू दे' म्हणून दहा वर्षांचे चॅट ठेवणारी कंपनी कर्मचाऱ्यांइतकीच स्वतःलाही धोक्यात घालते, कारण उद्या कोर्टाने मागितलं तर जे आहे ते सगळं द्यावं लागतं.

वेगवेगळ्या नोंदी एकमेकींना कशा जोडल्या जातात हे रिॲलिटी विनर नावाच्या अमेरिकन बाईच्या प्रकरणात दिसतं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा एक गोपनीय अहवाल वृत्तसंस्थेकडे पोचला. त्या अहवालाचं प्रिंट कोणी काढलं याची नोंद बघितली तेव्हा सहा नावं निघाली. मग त्या सहा जणांचे ऑफिसचे संगणक तपासले. त्यांतल्या एकाच, विनरच्या, संगणकावर त्या वृत्तसंस्थेशी मेलने झालेल्या संपर्काची खूण होती. तो मेल खासगी खात्यावरून केलेला होता आणि एका पॉडकास्टच्या लेखी प्रतीबद्दल होता, अहवालाशी त्याचा संबंध नव्हता. तिथे गुन्हा घडला होता आणि तिने तो पुढे कबूलही केला. पण क्षणभर उरलेल्या पाच जणांचा विचार करा. त्यांच्यापैकी कोणी त्या पॉडकास्टचा श्रोता असता आणि सहज एक मेल टाकला असता, तर त्याच्याही दारावर थाप पडली असती.

नोकरी सोडतानाचे आठवडे सगळ्यात नाजूक. राजीनामा एचआरच्या प्रणालीत गेला की काही सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये त्या नावावर आपोआप जास्त लक्ष जातं आणि मागच्या काही आठवड्यांत काय डाउनलोड केलं, पेनड्राइव्हवर काय गेलं, स्वतःच्या मेलवर काय पाठवलं हे मागे जाऊन बघितलं जातं. शेवटच्या दिवशी पगाराच्या स्लिपा आणि चार फोटो खासगी मेलवर पाठवणारा माणूस त्या यादीत कंपनीचा डेटा नेणाऱ्यासारखाच दिसतो. पगाराच्या स्लिपा महिन्याच्या महिन्याला एचआरच्या पोर्टलवरून घरच्या यंत्रावर उतरवून घ्याव्यात. आणखी काही न्यायचं असेल तर मॅनेजरला मेल करून यादी द्यावी, त्याचं 'हो' आल्यावरच न्यावं. लॅपटॉप परत देण्याआधी ब्राउझरमधून खासगी खात्यांतून साइन आउट करावं, आणि मग घरच्या यंत्रावरून त्या खात्यांचे पासवर्ड बदलावेत. कंपनीच्या फाइली मात्र स्वतःच्या हाताने पुसू नयेत, लॅपटॉप 'फॅक्टरी रिसेट' तर मुळीच करू नये.

आणि ऑफिसचा पत्ता कुठे कुठे दिला होता ते आठवावं. बँक, विमा, मुलांची शाळा, दवाखाना, एखादी लॅब. गेल्यानंतर तो मेलबॉक्स बहुधा मॅनेजरकडे किंवा जागी आलेल्या माणसाकडे सोपवला जातो, कारण ग्राहकांचे मेल चुकायला नकोत. पत्ता बदलायचं एक काम राजीनाम्याच्या आधीच उरकलेलं असेल तर बरं. नाहीतर सहा महिन्यांनी लॅब रिपोर्ट पाठवते, तो त्या माणसाच्या पुढ्यात उघडतो, आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर आपलं नाव असतं.